नाव घातलेली भांडी

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर,
जिथे पुराच्या वर्षी घंगाळं चढवली होती,
तिथे आता एक जुना संगणक असतो.
सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातला,
साडेनऊ हजारांचा. पंखा जरा खरखरतो.
त्याच्यावर आमचा कोड राहतो, सात जणांचा.
पिंपळगावच्या शीतगृहात द्राक्षांना
किती थंडी वाजतेय ते मोजणारा.

अप्पांनी विचारलं, हे भाड्याने मिळत नाही का कुठे?
मिळतं, म्हटलं. पण मालक सातासमुद्रापार,
आणि कुलपाची किल्ली त्याच्याकडे.
पटलं त्यांना. चाळीस वर्षं पागडीवर काढलेला माणूस.

मग कंटेनर म्हणजे काय ते सांगायची पाळी आली.
भांडंच, म्हटलं. एकात कोडचा सर्व्हर,
एकात डेटाबेस, एक नुसतं दाराशी बसून
आल्यागेल्याला बघणारं.
बिघडलं तर दुरुस्त करायचं नाही.
मोडीत काढायचं, त्याच साच्यातलं नवं उभं करायचं.
अर्ध्या मिनिटाचं काम.

अप्पांच्या हातातली मोगरी थांबली.
मोडीत?
कल्हई नाही, डाग नाही, एक ठोकासुद्धा नाही?
आणि आतलं?

आतलं बाहेर ठेवायचं, अप्पा.
भांड्याला फक्त सांगून ठेवायचं
की तुझं पाणी अमुक जागी आहे.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
आमच्यात उलटं होतं, म्हणाले.
पाणी रोज ओतायचो.
हंडा तीन पिढ्या.

*

गेल्या महिन्यात, मंगळवारी रात्री, नवी आवृत्ती चढवली.
जुनं मोडलं, नवं उभं राहिलं,
लॉग सरळ वाहत होते, कुठे लाल अक्षर नाही.
पान उघडलं तर:
स्वागत आहे. पहिला वापरकर्ता नोंदवा.

पहिला!

चार वर्षं. मुदस्सरचं सेन्सरचं सगळं काम,
निशिगंधानं बाळंतपणाच्या आदल्या रात्री ढकललेलं,
आणि देवदत्तचं, जो आता नाही,
ज्याची शेवटची नोंद एवढीच आहे:
'तात्पुरतं. उद्या नीट करतो.'

बॅकअप होता. त्याच डिस्कवर.
म्हणजे खालच्या फडताळातलं वरच्या फडताळात.
मी, भांडी बाजारातली मुलगी!
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की माल हलवायचा,
कमरेची वाट बघायची नाही,
हे बाराखडीच्या आधी शिकलेली.

चाळीस मिनिटं.
मग सापडलं. पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं.
नवा हंडा भलत्याच रिकाम्या कोपऱ्याकडे
तोंड करून बसला होता.
पाणी होतं तिथेच होतं, काठोकाठ,
त्याला कुणी हाक मारली नव्हती इतकंच.

*

सकाळी अप्पा माळ्यावर चहा घेऊन आले.
पडद्यावर नोंदी होत्या, एकाखाली एक:
नाव, तारीख, वेळ, आणि काय केलं त्याची ओळ.
चष्मा वर सरकवून म्हणाले,
अगं, हे तर नाव घातलंय.

हो की.
टिंबाटिंबानं कोरलेलं,
चि. सौ. कां. अमकी, लग्नाप्रीत्यर्थ, मामाकडून.
भांडं कुणाकडून आलं, कधी, कशासाठी.

आता रोज रात्री एक प्रत पाथर्डी फाट्याला जाते,
मुदस्सरच्या तिसऱ्या मजल्यावर.
तिथवर गोदावरी यायची नाही.
आली तर कोड हा शेवटचा प्रश्न असेल.

देवदत्तची ती ओळ अजून तशीच आहे.
तात्पुरती. द्राक्षं थंड आहेत.
निशिगंधा एकदा म्हणाली, नीट करून टाकू का?
कुणीच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

खाली अप्पांकडे मोडीत एक कळशी आली आहे.
तराजूत टाकायच्या आधी
ते तिच्यावरचं नाव वाचतात,
दुकानात कुणी नसलं तरी,
मोठ्याने.