कावून

घाटंजीच्या गटसाधन केंद्रात
मार्चचा शेवटचा आठवडा, कार्यशाळेचा तिसरा दिवस.
कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं
हे अजून ठरलेलं नाही,
म्हणून तो नुसतीच गरम हवा ढवळतो
आणि चौपन्न शिक्षक
प्रशिक्षणाच्या पुस्तिकेनं वारा घेतात.

मी सुलभक.
गळ्यात ओळखपत्र, बोटांना स्केचपेनची निळाई.
स्लाइड एकतीस: अपूर्णांकांचा भागाकार.
दुसरा अपूर्णांक उलटा करा, गुणा.
प्रश्न विचारा बिनधास्त, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.
असं म्हणायचं असतं.

मागच्या खुर्चीत टेकाम सर,
निवृत्तीला चौदा महिने.
डुलकी लागली असावी, असं मी धरून चालले होते.
"मॅडम, पन उलटं कावून कराचं जी?"

हॉलभर हसू. केंद्रप्रमुखांनी घड्याळ पाहिलं.
मी पायली काढली, माझ्याकडे ती तयारच असते:
अर्ध्या पायलीत पाव पायली किती वेळा मावते?
"दोनदा!" सगळे एका सुरात,
त्यांची पोरं म्हणतात तसे.
"थे समजलं," टेकाम सर म्हणाले,
"आता पाऊण भागिले दोन-पंचमांश करा.
दोन-पंचमांशाचं माप मी त बाजारात पाह्यलं नाही.
उत्तर येते, थे मले बी येते.
मी इचारतो, उलटं कावून."

अकरा वर्षं टिपेश्वरच्या जंगलाकडच्या शाळेत
मी हेच शिकवलं.
मुलं उलटं करत गेली,
मी लाल पेनानं बरोबर करत गेले.
सातवीतली सुनंदा आत्राम, कोलाम पोडावरची,
पेन्सिल दातात धरून एकदा म्हणाली होती, कावून बाई?
नियम आहे, मी म्हटलं.
ती हो म्हणाली.
ती हो फार लवकर म्हणायची.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.
माइक चालू होता.

कोणी हसलं नाही.
मग एक खुर्ची सरकली, मग आणखी चार.
गजभिये मॅडमनी चार्टपेपर फरशीवर अंथरला,
त्यावर चपला काढून बसल्या,
आडवे चार, उभे पाच, वीस घरं आखली
तुरीच्या तासांसारखी सरळ.
पाऊण म्हणजे पंधरा घरं.
दोन-पंचमांश म्हणजे आठ.
पंधरात आठ किती वेळा?
एकदा, आणि सात उरली, सातांचं काय करायचं,
यावर नवीन लागलेला चव्हाण आणि टेकाम सर
असे भांडले, जसे धुऱ्यावरून भांडतात.
चहा आला, कपांवर साय धरली.

"पन यात उलटं कुठी झालं?"
टेकाम सर अजून तिथंच.
तेवढ्यात केंद्रप्रमुख हजेरीपट घेऊन आले,
सह्या झाल्या, प्रवासभत्त्याचे फॉर्म झाले,
गजभिये मॅडमनी कागदाची गुंडाळी केली.
अभिप्रायाच्या रकान्यात
बहुतेकांनी लिहिलं: चांगली.
एकानं लिहिलं: कूलर.

अहवालात मला लिहायचं होतं, आजची निष्पत्ती.
खोलीवर बसून मी
एसटीच्या तिकिटाच्या घड्या घालत राहिले,
चार, मग पाच. पाच नीट पडतच नाहीत.

साडेदहाला फोन.
"मॅडम, झोपल्या काय जी?
थे पंधरा हाय ना, थे पाच त्रिक पंधरा.
पाच खालचे होते, बराबर? दुसऱ्याच्या खालचे.
आन्‌ आठ म्हंजे बे चोक आठ.
पाच वर गेले, दोन खाली आले.
आपन उलटवलंच नाही कोनाले,
घरं मोजता मोजता थे आपोआपच..."
मागे त्यांची बायको विचारत होती, कोनाशी बोलून राह्यले इतक्या राती?
"पाढा म्हनून राह्यलो," ते म्हणाले.

फोन ठेवला. अंगणात उजेड नव्हता.
सुनंदाला तेलंगणात दिली, एवढं ऐकलंय.
गावाचं नाव कोणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नव्हतं.