पांढऱ्या दगडांची बाजू

सुभेदार बोडके म्हणाले, अक्षर कुणाचं चांगलं?
सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.
अशी मी वहीवर लागले,
देवळालीच्या मागच्या डोंगरात,
जिथं आज्याच्या काळापासून तोफा सराव करायच्या
आणि नेम चुकलेलं सगळं
आमच्या शिवारात मुक्कामाला यायचं.

फुटलं ते पितळ, भगूरच्या भंगारवाल्याकडं किलोवर.
न फुटलेलंही तसंच दिसतं
हे हौशीरामला, माझ्या भावाला, वेळेवर कुणी सांगितलं नाही.
तो आता डाव्या हातानं जेवतो.
आई त्याला पंगतीत कडेला बसवते.

कामाची रीत अशी:
सुतळीनं मीटरभर पट्टा आखायचा.
लाल दगडाच्या पलीकडं देवाचं ठाणं असलं
तरी जायचं नाही.
यंत्र बोललं की सगळ्यांनी थांबायचं.
मग एकटा माणूस गुडघ्यावर,
खुरपं तिरकं, कडेनं, वरून कधीच नाही,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं.
बहुतेक वेळा यंत्र खोटं बोलतं.
पण त्याला खोटारडं म्हणायचं नाही, सुभेदार सांगायचे,
म्हटलं की त्याच दिवशी ते खरं बोलतं.

मंगळवार. बैलाची नाल.
मंगळवार, दुपारी. छत्रीची काडी.
बुधवार. काही नाही. तरी मी लिहिलं, काही नाही.
गुरुवार. जोडवं, एक.
ठकूबाई मेंगाळ म्हणाली, माझंच हे,
चौदा वर्षं झाली, सासूनं त्यावरून मारलं होतं.
अंगठा घेऊन दिलं.
शुक्रवार. गोळा. अख्खा.
त्याच्यावर करवंदीची जाळी वाढलेली,
आणि त्या जाळीची करवंदं
आम्ही सगळ्यांनी खाल्लेली.

वाळूच्या गोण्या, लांब वायर, तीनदा शिट्टी.
हौशीराम माझ्या शेजारी होता.
डाव्या हातानं त्यानं डावा कान झाकला.
उजव्यावर मी माझा हात ठेवला.
पेन निसटलं. त्या पानावर अजून शाईचा डाग आहे.

संध्याकाळी चहाला सुभेदार सीमेवरचं सांगायचे.
तिकडं वाळू सरकते, सुरुंगही सरकतो,
नकाशात एकीकडं, जमिनीत भलतीकडं.
"तिकडचे मुद्दाम पेरलेले,
इकडचे चुकून राहिलेले.
पायाखाली दोघांची जात एकच."
मग बशी पालथी घालायचे आणि गप्प बसायचे.

अकरा महिन्यांनी साहेब आले, मांडव पडला.
विकास हा शब्द सात वेळा.
मोजला मी, मोजायची सवयच लागली होती.
खोटं नव्हते बोलत ते:
दारणेवरून पाण्याचा पाइप येणार होता,
शाळेची साडेचार किलोमीटरची वाट दीडवर येणार होती,
वरच्या पठारावर नागली लावता येणार होती.
पांढरे दगड पार ओढ्यापर्यंत.
साहेब म्हणाले, जा आता, तुमचंच आहे.

कुणी हललं नाही.

सुभेदारांनी बूट काढले.
अनवाणी चालत गेले, आडवेतिडवे, कुठलीच ओळ न धरता,
आणि मैदानाच्या मधोमध उताणे पडले,
टोपी तोंडावर.
झोपले की काय, असं वाटेपर्यंत.
मग शेळ्या गेल्या. शेळ्यांमागं पोरं.
मग ठकूबाई, दोन्ही जोडवी घालून.

दोन वर्षं झाली. पाइप आला, सांध्यात गळतो.
आई अजून जुन्या वाटेनंच जाते,
डोक्यावर मोळी, टेकडीला वळसा.
विचारलं तर म्हणते, मला कुठली घाई.

काल पठारावर फाळाला काहीतरी टणकन लागलं.
हौशीरामनं बैल थांबवले.
आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो,
खुरपं तिरकं, कडेनं.
ऊन डोक्यावर आलं तरी कुणी बोललं नाही.
दगड होता.
घरी येऊन मी वही काढली,
वार घातला, लिहिलं: दगड.