उलट्या पावलांनी

त्या कॉलेजात आम्हाला फिरवणारा मुलगा
उलट्या पावलांनी चालत होता.
तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे,
आणि एकदाही ठेचकाळला नाही.
थिया म्हणाली, "वाट पाठ आहे याला."
मी म्हटलं, "पडला तरी उचलायला
कुणीतरी असेल त्याच्या घरी."
हे मोठ्यानं म्हणायला नको होतं.

ओकची जुनी झाडं, हिरवं पडलेलं तांब्याचं छप्पर,
ग्रंथालयात इतकी शांतता
की माझ्याच बुटांचा मला राग आला.
बिस्किटंसुद्धा ऊन ऊन.

वर्षाला बासष्ट हजार. त्यातले चोवीस ते सोडणार.
उरलेल्या आकड्याभोवती गॉर्डननं
पेन्सिलीनं गोल काढला,
त्या गोलाभोवती आणखी एक,
कागद फाटेपर्यंत.

सरकारी विद्यापीठ घरापासून चाळीस मिनिटांवर.
एप्रिल निम्मा सरला तरी
पार्किंगच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग.
फिरवायला कुणी आलं नाही,
दिवसच चुकीचा निवडला होता आम्ही.
भूशास्त्राच्या मजल्यावर एक बाई
सँडविच खाता खाता खोकी लावत होत्या.
थियाला पाहून त्यांनी हात पुसले,
एक दगड तिच्या तळहातावर ठेवला.
"जड लागतो ना? लोखंड आहे त्यात.
तुमच्या बंदरातून जहाजं भरून जातं, ते हेच."
थियाचे आजोबा त्या धक्क्यावर एकतीस वर्षं होते.
दगड परत द्यायला तिनं वेळ लावला.

मी शाळेची बस चालवते.
सरोवरावरून वारा येतो, अजून उजाडलेलं नसतं,
एकेका दारासमोर थांबते.
कुठलं पोर पायरी चढताना
मागे वळून घराकडे बघतं, मला ठाऊक आहे.
थियाही माझ्याच बसमध्ये चढायची.
तिनं कधी बघितलं नाही.

गेल्या गुरुवारी वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर
गॉर्डनच्या बोटीचा फोटो.
खाली फोन नंबराच्या कातरलेल्या पट्ट्या,
दोन कुणीतरी फाडून नेलेल्या.
मला तो बोलला नव्हता. मीही विचारलं नाही.
शनिवारी गेले तर कागद गायब,
चारही टाचण्या मात्र जागच्या जागी.
आणि काल धुवायला टाकताना
थियाच्या कोटाच्या खिशात
आठ घड्या घातलेली एक बोट.
तशीच परत ठेवली.

उद्या शेवटची तारीख.
जेवणं झाली. दोन्ही पाकिटं मीठदाणीला टेकून उभी.
थिया ताट पुसत म्हणाली,
"बाबा, बोट किती जुनी आपली?"
"तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी."
"मग उन्हाळ्यात रंग द्यायला हवा तिला,"
असं म्हणत, आमच्याकडे तोंड करून,
ती मागे मागे दाराकडे सरकत गेली
आणि उंबऱ्यातल्या बुटांना अडखळली.

गॉर्डननं हात पुढे केला.
तोवर ती सावरली होती.
हात तसाच राहिला थोडा वेळ,
मग त्यानं मीठदाणी सरळ केली.