अकरापैकी नऊ

ऐन द्राहमच्या डोंगरात, बुचाच्या झाडांखाली
मेंदीसारख्या बारीक पानांचं एक झुडूप वाढतं.
आम्ही त्याला रिहान म्हणतो.
दीडशे किलो पाला तांब्याच्या भांड्यात चार तास उकळला
की हाती येतं अर्धी बाटली तेल.
बाकी वाफ.

माझ्या शिक्षणाचा हिशेबही साधारण असाच.
सतरा वर्षं शाळा-कॉलेज,
जीवरसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी,
मग तीन वर्षं सरकारी भरतीच्या परीक्षा.
जेंदूबाच्या बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याला
माझं नाव पाठ झालेलं:
"इब्तिहेल, आज किती प्रती?"

बायकांच्या या संस्थेत मी आले सहा महिन्यांपुरती,
कुठल्याशा प्रकल्पाच्या पैशावर,
काचनळ्यांची पेटी घेऊन, पांढरा कोट घालून.
त्या हसल्या.
आठवड्यात कोट धुराने राखाडी झाला,
तेव्हा हसायच्या थांबल्या.

मार्चमध्ये तंटा झाला.
जाळ जास्त झाला होता. वासात फरक नव्हता म्हणे,
माझ्या नळीत होता.
मी म्हटलं, ही खेप विकायची नाही.
तीन दिवसांचा पाला,
काट्यांनी ओरबाडलेले बावीस हात.
सबीहा म्हणाली, "आमचं नाक खोटं आणि हिची काच खरी!"
ओतून टाकलं. तेल गेलं, तूप तर कधी नव्हतंच,
आणि धुपाटणं होऊन मी कोपऱ्यात उभी.
शुक्रवारपर्यंत कुणी बोललं नाही माझ्याशी.
आईसुद्धा.
ती भट्टीवर असते, सभासद क्रमांक चार.

नंतरची खेप ट्यूनिसच्या साबणवाल्याने परत पाठवली नाही.
आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

सप्टेंबरात प्रकल्प संपला.
फाइल घेऊन बाई आल्या, फोटो काढला, गेल्या.
मग अकरा जणी पोत्यांवर बसल्या, माझं काय करायचं ते ठरवायला.
पगार देणं जमणार नव्हतं.
भाग देणं जमण्यासारखं होतं:
वीस दिनार भरायचे,
वर्षाअखेर उरेल त्यातला बारावा वाटा घ्यायचा,
काही उरलंच नाही तर त्यातलाही.
पर्समध्ये माझ्या वीस दिनार होते,
पुढच्या परीक्षेच्या अर्जासाठी राखलेले.

हात वर करा, अध्यक्षबाई म्हणाल्या.
नऊ हात वर झाले. सबीहाचा दोनदा मोजला गेला,
म्हणून पुन्हा मोजावं लागलं.
दलेंदा खालाचा नव्हता, ती बसल्या बसल्या झोपली होती.
आणि आईचा नव्हता.
आई हातातल्या गाठीकडे बघत होती,
पोत्याची सुतळी सोडवत,
जी सुटली होती केव्हाच.

उतारावरून घरी येताना मी विचारलं नाही.
आठ वर्षं तिने हा धूर गिळला
माझ्या फीसाठी, माझ्या खोलीच्या भाड्यासाठी,
मी धुराच्या बाहेर पडावं म्हणून.
आणि मी वीस दिनार मोजून
आत आले होते.
वाटेत तिने एक वाळकी काटकी उचलली, सरपणाला.
पुढे आणखी एक.
तिसरी मी उचलली.

रात्री मी पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढला.
नव्या नोंदवहीला पाकीट हवं होतं,
भट्टीपाशी कागद दमट होतो.
आईने पाहिलं. जेवणाची ताटं उचलली.
"त्या कागदाला आता काय घालणार?"
सापडेल काहीतरी, म्हटलं.

पहाटे चार वाजता पायाला थंड हात लागला.
डोळ्यांत तेल घालून ती रात्रभर जागी असावी,
किंवा मला तसं वाटलं.
अंधारात तिचा आवाज नेहमीसारखाच चिडका:
"ऊठ. जाळ किती ठेवायचा, तो तूच सांगणार ना?
मग भट्टी काय मी एकटीनं पेटवायची?"