रकाना चौदा

चार वाजायला दहा कमी असताना
लॉरेटा बीसन माझ्या खिडकीशी आली.
सकाळी दुकानातल्या यंत्राने तिचं कार्ड
तीनदा नाकारलं होतं.
मागे रांग, आणि पट्ट्यावर
मक्याचं पीठ, घेवड्याचे दोन डबे, दूध.

स्क्रीन मी तिच्याकडे वळवला नाही. वळवायचा नसतो.
रकाना चौदा: पॅरोलच्या अटींचे पालन.
नाही.
हे 'नाही' माझ्या हातचं नव्हे;
रात्री कधीतरी दुसऱ्या इमारतीतून
आपोआप येतं.

"पूल ओलांडला मी," ती म्हणाली.
नदीपलीकडे दुसरी काउंटी लागते.
बहिणीच्या मातीला गेली होती.
शुक्रवारी अधिकाऱ्याला फोन,
शनिवारी निरोप, रविवारी पुन्हा निरोप,
सोमवारी माती.
घोट्यावरच्या यंत्राने खरं तेच सांगितलं:
अकरा वाजून चार मिनिटं, हद्दीबाहेर.
शवपेटी खाली सोडताना तिने कुणाचा दंड धरला
हे त्याला कळत नाही.

पर्समधून तिने अटींचा कागद काढला,
घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीने सांधलेला,
आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं:
'अवलंबितांचे पोषण करणे बंधनकारक.'
विचारलं काहीच नाही.

कायदा मंजूर झाला त्या दुपारी
आम्ही कँटीनमध्ये टीव्ही पाहत होतो.
कुणीतरी शिस्तीबद्दल बोलत होतं.
टाळ्या नाही वाजवल्या आम्ही,
पण सूपही गार होऊ दिलं नाही.
पाठीवर मारावं, पोटावर मारू नये,
असं म्हणणारी माणसं
बहुधा निवडणुकीला उभी राहत नाहीत.

मी तिला अपिलाचा फॉर्म दिला,
चर्चच्या तळघरातल्या शिधावाटपाचा पत्ता दिला:
मंगळवारी, सकाळी दहा ते बारा.
"मंगळवारी दहाला माझी त्याच्याकडे हजेरी असते,"
ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.
मलाही. आवरेचना दोघींना.
दारावरच्या पहारेकऱ्याने मान वर केली.

मग तिने माझंच पेन घेतलं.
'कारण थोडक्यात लिहावे' याच्यापुढे
दोन ओळींची जागा असते.
पहिल्या ओळीत तिने बहिणीचं नाव लिहिलं,
पूर्ण, मधल्या नावासकट:
ऑर्लीन फेथ बीसन.
दुसरी ओळ कोरी ठेवून
फॉर्म आत सरकवला.