मूळ फाईल

उदगीरला, चौबाऱ्याच्या मागं, जिन्याखालच्या खोलीत
बारा वर्षं झाली, मी माणसं उजळतोय.
फ्लेक्सचा भाव फुटावर.
डिझाइनचे वेगळे मागितले की गिऱ्हाईक रुसतं.

परवा एक पोरगा आला, मिसरूड फुटलेला,
आज तो 'भावी' झाला.
त्याच्या खाली त्रेचाळीस शुभेच्छुक,
सगळ्यांच्या डोळ्यांवर एकच गॉगल,
माझ्या फोल्डरमधला.
रात्री बोर्ड उभा राहतो
आणि सकाळी पोरगा बोर्डासारखा चालतो,
एक खांदा पुढं,
हात जोडलेले, कुणी समोर नसलं तरी.
सलूनवाला गफूर सांगतो,
आता कुणी हिरोचं नाव घेत नाही,
म्हणतात, नाक्यावरच्या बोर्डासारखी दाढी कोर.
ती दाढी मी माऊसनं काढलेली.
त्या पोराला अजून तेवढी येतच नाही.

प्रयागबाई सुरवसे आल्या तेव्हा ऊन तापलं होतं.
पदराच्या गाठीत पासपोर्ट फोटो,
हमालीच्या कार्डावरून उपटलेला,
अर्धा शिक्का गालावर.
व्यंकट सुरवसे. मोंढ्यात तीस वर्षं पोती.
रंग तव्याच्या पाठीसारखा,
कपाळावर हुकाची खूण, तिरपी,
घाईत केलेल्या सहीसारखी.
"जरा उजळ कर की," म्हणाल्या,
"आमच्या गल्लीच्या तोंडाला साबणाची बाई लावलीया.
तिच्या बाजूला आमचे मालक
लाईट गेल्यावानी दिसतील."

केले उजळ.
खूण काढ असं त्या म्हणाल्या नव्हत्या,
हातच गेला.

दुसऱ्या पुण्यस्मरणाला फोटो आणला नाही,
घडी घातलेला फ्लेक्सच आणला.
"ह्याच्यावरनं काढ. उन्हानं इटलंय, थोडं उजळ."
तिसऱ्या वर्षी त्याच्यावरनं त्याच्यावरनं.
चौथ्या वर्षी व्यंकटराव कोटात आले.
कोट माझ्याकडं नऊ आहेत,
मानेखाली कुणालाही बसतात.
ओठ गुलाबी कसे झाले, मलाही सांगता येणार नाही.

यंदा नातू सोबत होता, चार वर्षांचा.
मी फाईल उघडत होतो,
तो दारातल्या कापडाच्या जाहिरातीपुढं उभा.
सुटातला माणूस, मागं परदेशातली गाडी.
"आज्जे, आबा!"
मला हसू आलं, मी दाबलं.
प्रयागबाई हसल्या नाहीत.
चष्मा कपाळावर सारून जवळ गेल्या,
बराच वेळ बघितलं,
पदरानं त्या माणसाच्या गालावरची धूळ पुसली.
"हाव की रं," म्हणाल्या,
"अस्सेच व्हते."

माझ्या बहिणीचा बायोडाटाही मीच केला होता.
पाहुणे पोहे खाऊन गेले, चहा पिऊन गेले,
चपला घालताना एकानं म्हटलं,
पोरगी फोटोत वेगळी व्हती.
बहीण मला काहीच बोलली नाही.
आरशाखाली तिची ट्यूब असते,
शेपटीकडून पिळत पिळत अर्ध्यावर आलेली.

रात्री शटर ओढून शोधलं.
व्यंकट फायनल. व्यंकट फायनल दोन.
व्यंकट नवीन. व्यंकट नवीन खरंच फायनल.
पहिला नाही.
पहिल्यावरच सेव्ह करत आलो होतो.
म्हटलं, खूण तरी परत काढू,
ब्रश घेतला, झूम केलं,
आणि आठवेना,
डाव्या भुवईवर होती की उजव्या.
प्रयागबाईंना विचारावं तर
त्या जाहिरातीकडं बोट करतील.

सकाळी मोंढ्याच्या वळणावर चहाला थांबलो.
एक हमाल गेला, पाठीवर सोयाबीनचं पोतं,
घामानं काळा कुळकुळीत, कपाळ चमकतंय.
मी त्याच्याकडं बघत होतो, नुसतं बघतच होतो,
आणि माझी तर्जनी मांडीवर
आपसूक
उजवीकडं सरकली.