उभा अक्ष

नदीकाठच्या लोकांसाठी आलेख लावायचा होता.
उभ्या अक्षावर मी लिहिलं : क्युसेक.
दहा हजार, वीस हजार, तीस...
निळा रंग छान उतरला होता.
निकमसाहेब म्हणाले, अचूक आहे.
अचूक होतंच.

भांडी बाजारातले रौफभाई
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.
"ताई, वीस हजार म्हणजे
पातेली वरच्या फळीवर ठेवू,
की दुकानच सोडू?"

मी सांगू लागले : सेकंदाला एक घनफूट, असे वीस हजार...
ते मान हलवत राहिले,
शाळेत न कळलेल्या गणितापुढे हलवतात तशी.
घनफूट पाहिलाय कुणी?
मी तरी कुठे पाहिलाय.
सोडवलाय फक्त, परीक्षेत, चार मार्कांपुरता.

"आमचं सोपं असतं," ते म्हणाले.
"दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, तर चहा सांगायचा.
गुडघ्याला, पातेली वर.
कमरेला, शटर ओढायचं.
छातीला लागलं
की भांडी नाही, माणसं मोजायची."

संध्याकाळी रामकुंडावर जाऊन उभी राहिले.
पाणी घाटाखाली, शहाण्यासारखं.
मारुतीच्या खांद्यावर पारवा.
इतकी वर्षं याच गावात राहून
मी त्याचा गुडघा नीट पाहिला नव्हता.

रात्री उभा अक्ष खोडला.
तिथे मारुती काढला, शेंदरी :
घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा.
क्युसेक खाली ठेवले, बारीक अक्षरांत;
साहेबांनाही काहीतरी वाचायला हवं.

साहेब म्हणाले, अंतरं सारखी नाहीत, पगारबाई.
म्हटलं, पाणीही सारखं चढत नाही.
सही झाली.

तिसऱ्या दिवशी
गाडगे महाराज पुलाखाली झोपणारा एक पोरगा,
नवा, महिनाभरापूर्वी गाडीतून उतरलेला,
आलेखापुढे थांबला.
कमरेच्या रेघेवर बोट ठेवलं,
मग स्वतःच्या कमरेवर.
"इतकंच ना?" म्हणाला, आणि हसला.
"इतक्या पाण्यात तर मी झोपेतून उठूनही निघेन."

माझ्या पोटात खड्डा पडला.

आता मारुतीशेजारी एक माणूस काढलाय.
नुसता उभा, काळ्या पेनाने,
हातात पिशवी.
एकच निळी रेघ दोघांकडे जाते :
त्याच्या कमरेतून
आणि याच्या डोक्यावरून.